चुलीभोवतीचं कुंपण

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या आज्याला ती त्याच्या आज्यानं सांगितली होती. पोरांनो, पुढे सरका. आणि मागे भिंतीला टेकून बसलेली मोठी माणसं, तुम्हीही ऐका. खरं तर गोष्ट तुमच्यासाठीच आहे, पोरं आपली निमित्ताला.

गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, असेल बाबा तिकडे लांब कुठंतरी. आणि खरं सांगू? ते गाव माझंच आहे. ही गोष्ट सांगताना त्याचं नाव घ्यायला माझी जीभ रेटत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी वसलेलं गाव. माणसं कष्टाळू. वाटसरू आला तर त्याच्या हातावर गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिल्याशिवाय त्याला कुणी पुढे जाऊ देत नसे. चांगलं गाव होतं हो! वाईट गावाची गोष्ट असती तर मला एवढी लाज कशाला वाटली असती?

त्या गावात एक चाल होती. तिला म्हणायचे 'जागा बांधणं'.

सुरुवात झाली ती शहाणपणातूनच. गावाखाली एक दलदल होती. तिच्यात एक बाई रुतली आणि गेली. तेव्हाच्या जाणत्या माणसांनी दलदलीभोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं. बरोबरच केलं. दलदलीला कुणी समजावून सांगू शकत नाही.

पुढे काही वर्षांनी जांभळीच्या झाडाखाली एका पोरीला कुणीतरी धरलं. कुणीतरी कसलं, तिनं पंचांसमोर नाव सांगितलं होतं. पण ज्याचं नाव सांगितलं त्याचा बाप पंचांतच बसलेला. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. घसे खाकरून झाले, पागोटी सारखी करून झाली. मग कुणाला तरी ती दलदल आठवली.

"जागाच वाईट आहे ती," तो म्हणाला.

सगळ्यांना कसं हायसं वाटलं! लगेच जांभळीला काट्या घातल्या आणि बायकांनी तिकडे जायचं नाही असं ठरलं. पोरीला घरी पाठवताना एकानं वर विचारलंच, "पण तू तिथं गेलीस कशाला?"

तेव्हापासून चाल पडली. बाईवर कुठेही कुणी हात टाकला की पाटील आणि पंच त्या जागी जायचे. पाटील काठी आपटून जागेला तीनदा विचारायचा, "सांग, का असं केलंस?" जागा काय बोलणार, कपाळ! ती बोलली नाही की गुन्हा कबूल. मग भोवती काट्या. बायकांना बंदी.

बाप्यांना बंदी नव्हती. बाप्यांचं त्या जागेनं काय वाकडं केलं होतं? त्यांना जायला कुंपणात एक फट ठेवत.

असं करता करता गावात बावीस जागा बांधल्या गेल्या. पाण्याला जायची जवळची वाट बंद झाली, बायका टेकाडाला वळसा घालून जायला लागल्या. डोक्यावर दोन हंडे, काखेत पोर आणि भर उन्हात वळसा. लेकी मोठ्या व्हायच्या त्या वळसा शिकतच. त्यांना वाटायचं, बायकांची वाट लांबच असते.

आता हे काट्या तोडायचं काम ज्या घराकडे होतं, ते आमचं घर. माझ्या आज्याचा पणजा, त्याचं नाव हैबती. कोयता घेऊन रानात जायचा, बोरीबाभळीचा भारा डोक्यावर आणायचा आणि पाटील सांगेल तिथं रोवायचा. मान होता त्याला. सणाला पहिलं पान पाटलाचं, पंचांच्या पंगतीत दुसरं पान हैबतीचं.

तर त्या पाटलाचा एकुलता एक लेक होता. त्याचं नाव दौलत. मी मुद्दाम नाव घेतोय, कारण तेव्हा कुणी घेत नव्हतं.

दौलत बाहेर लोण्यासारखा. कुणाचा बैल अडला, दौलत हजर. भजनात त्याचा आवाज सगळ्यांच्या वर. म्हाताऱ्यांना हात देऊन पायऱ्या चढवायचा. "पोरगं असावं तर असं," लोक म्हणायचे.

त्याचं लग्न डोंगरापलीकडच्या गोजराशी झालं. गोजरा हसरी पोर. जात्यावर बसली की तिचा आवाज चार घरं ओलांडून जायचा. आली त्या वर्षी शेजारणी म्हणाल्या, पाटलाच्या घराला कंठ फुटला.

दुसऱ्या वर्षी तो आवाज बंद झाला. कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी पाटलाच्या घरातून किंकाळी आली. गावची सुईण ठकूमावशी धावत गेली. बाळंतपणं करायची, हाडं बसवायची, औषधपाला द्यायची ती. बघते तर गोजरा चुलीपाशी बसलेली, उजवं मनगट मोडून लोंबतंय. दौलत ओसरीवर चूळ भरत होता.

"काय झालं गं?" ठकूमावशीनं विचारलं.

"भाकरी करपली," गोजरा म्हणाली.

"भाकरीनं मनगट मोडलं होय?"

गोजरानं ओसरीकडे नुसतं पाहिलं. ठकूमावशीला कळलं. तिनं हाड बसवलं, फळकुट्या बांधल्या आणि तडक चावडीवर जाऊन सांगितलं, "पाटील, तुमच्या लेकानं सुनेचा हात मोडला."

पाटील उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज खणखणीत. "माझं घर आहे म्हणून सूट नाही! गावाला जो न्याय तोच मला. चला, चूल बांधा."

लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! केवढा न्यायी माणूस म्हणाले, स्वतःच्या घरची चूलसुद्धा सोडली नाही.

पाटलानं चुलीला तीनदा विचारलं, "सांग, का असं केलंस?" हैबतीनं काट्या रोवल्या. आणि त्या रोवताना फांद्या धरायला कोण पुढे आलं असेल? दौलत. "काका, इकडून धरतो, तुमच्या हाताला लागेल," म्हणाला. हैबतीला त्याचं कौतुक वाटलं. गोजरा मोडका हात गळ्यात बांधून दाराशी उभी होती आणि सगळं बघत होती.

माजघरात नवी चूल मांडली. चार महिने गेले. मग माजघरात गोजराचा दात पडला. माजघर बांधलं. चूल ओसरीवर आली. ओसरीवर तिच्या कपाळाला खोक पडली. ओसरी बांधली. चूल अंगणात आली. अंगणात कमरेत लाथ बसली. अंगण बांधलं.

घरात चालायची सोय राहिली नाही. सासूचं लुगडं रोज कुठेतरी अडकून फाटायचं आणि ती गोजरावर करवादायची. "तुझ्यापायी माझं घर रान झालं! तुला जागा बघून बसता येत नाही का गं? आम्ही नाही नांदलो?"

शेजारणी येऊन समजावायच्या. वाईट मनानं नाही, मायेनं. एकजण सांगायची खांबाजवळ उभी राहू नकोस, दुसरी सांगायची दाराकडे पाठ करू नकोस. "तो आला की तू जरा आडोशाला हो ना, बाई," असंही कुणी म्हणायची. एवढा अभ्यास त्या पोरीनं केला की घरातली कुठली फरशी कधी धोक्याची, हे तिला तोंडपाठ झालं. दौलतला काय सांगायचं, हे मात्र कुणालाच सुचलं नाही.

त्यात गोजराला दिवस गेले.

ठकूमावशीनं पाटलाला एकट्याला गाठलं. "पाटील, पोर दोन जिवांची आहे. अजून एक लाथ बसली तर दोन्ही जीव जातील. मी तुम्हाला आधी सांगून ठेवतेय. मागाहून मला माहीत नव्हतं म्हणू नका."

पाटील घाबरला. वाईट माणूस नव्हता तो. रात्रंदिवस त्यानं विचार केला. कसला विचार केला? तर अजून कुठली जागा उरली आहे, याचा! शेवटी देवघरापुढचा कोपरा तेवढा उरला होता. एक घोंगडी अंथरली की संपला, एवढा. पाटलानं गोजराला तिथं बसवलं.

"पोरी, आता इथून हलू नकोस. देवापुढे तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही."

"मामंजी," गोजरा म्हणाली, "त्यांना येऊ नका म्हणून सांगाल का?"

एवढंच मागितलं तिनं. पाच वर्षांत तिनं तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट.

पाटील म्हणाला, "अगं, घर त्याचं आहे. त्याला कसं अडवायचं?"

तीन महिने ती त्या घोंगडीवर बसून राहिली. तिथंच ताक घुसळायची, तिथंच जेवायची, तिथंच निजायची. चौथ्या महिन्यात, ऐन दुपारी, ताकात मीठ जास्त झालं. दौलतनं पायात वहाणा चढवल्या, काट्या तुडवत माजघर ओलांडलं आणि देवघरापर्यंत गेला.

गोजरा वाचली. पोटातलं वाचलं नाही. मुलगी होती.

पंच गोळा झाले. पाटलाच्या दारात सगळा गाव जमला. हैबती नेहमीसारखा भारा घेऊन आला. पण आता बांधायचं काय? उरलं होतं ते देवघर. पुजारी म्हणाला, "देवाला काट्या घातलेल्या मी ऐकलेल्या नाहीत." एक पंच म्हणाला, "पण चाल म्हणजे चाल." दुसरा म्हणाला, "देवघर सोडून नुसती घोंगडी बांधली तर चालेल का?" आणि मंडळी, ते खरोखर यावर वाद घालायला लागले! आत एक पोर रक्तात पडलेली, आणि बाहेर आमचे शहाणे घोंगडीचा निवाडा करताहेत. तोंड कुठे लपवावं ते कळत नाही मला.

ठकूमावशी बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

"हैबती," ती म्हणाली, "काट्या आणल्यास?"

"आणल्या."

"मग घाल की त्याच्याभोवती."

तिनं बोट केलं. दौलत कट्ट्यावर बसला होता, पायातला काटा काढत.

कुणी हललं नाही. पाटील म्हणाला, "ठकू, माणसाला कसं बांधायचं? माणूस चालता-बोलता असतो."

"तेच म्हणते मी!" ठकूमावशी ओरडली. "जागा चालत नाही, पाटील! चूल उठून माजघरात गेली नाही. माजघर ओसरीवर आलं नाही. अंगण देवघरात शिरलं नाही. पाच ठिकाणी गेला तो एकच जण, आणि तुम्ही सगळ्यांना विचारत सुटलात, त्याला सोडून!"

पाटलाची काठी हातातून गळून पडली. तो लेकासमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यभर जागांना विचारलेला प्रश्न त्यानं पहिल्यांदा माणसाला विचारला.

"सांग, का असं केलंस?"

दौलतनं वर पाहिलं. त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"मी काय केलं, आबा?"

ऐकलंत ना? मी काय केलं! आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर आमची लाज. पाच वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे तू केलंस. चुलीला सांगितलं, ओसरीला सांगितलं. त्याला मात्र भजनात पुढे बसवलं.

पाटलानं दुसऱ्यांदा विचारलं. दौलत म्हणाला, "ताक खारट होतं."

तिसऱ्यांदा विचारताना पाटलाचा आवाज फुटला. "तुझी लेक गेली रे! सांग, का असं केलंस?"

दौलतनं बापाकडे पाहिलं, मग गर्दीकडे. आपल्या बाजूचा एक तरी चेहरा तो शोधत होता. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. हळूहळू त्याचीही मान खाली गेली.

निवाडा पाटलानंच दिला. दौलतनं घरात पाय ठेवायचा नाही. शिवेवरच्या गोठ्यात राहायचं. बाई ज्या वाटेनं जाईल ती वाट त्यानं सोडायची आणि वळसा त्यानं घालायचा, जन्मभर. आणि गावातल्या सगळ्या काट्या त्यानं उघड्या हातांनी उपटायच्या. दलदलीची तेवढी ठेवायची.

पाटील मग आत गेला आणि गोजरापुढे त्यानं हात जोडले. "पोरी, आता हे घर तुझं आहे. राहा."

गोजरा भिंतीला धरून उठली. "मामंजी, मी एकदा मागितलं होतं," ती म्हणाली. डोंगरापलीकडून तिचा भाऊ गाडी घेऊन आला, ती बसली आणि गेली. पुन्हा आली नाही. का यावं तिनं?

इथं गोष्ट संपवली असती तर बरं झालं असतं. दौलत वाईट, बाकी गाव सुधारलं, आणि आपण सगळे घरी जायला मोकळे. पण तसं झालं नाही.

दौलत काट्या उपटायला लागला तेव्हा बायका येऊन उभ्या राहायला लागल्या. मोकळ्या झालेल्या जागी एकेक बाई पुढे व्हायची आणि एक नाव सांगायची. जांभळीखाली एक नाव निघालं. विहिरीच्या वाटेवर एक निघालं. कुणी कुणाचा काका होता, कुणी पंच होता, कुणी मरून गेला होता. जे जिवंत होते त्या प्रत्येकाला पाटील तीनदा विचारायचा.

खळ्यामागच्या पायवाटेवर काट्या निघाल्या तेव्हा ठकूमावशी पुढे झाली. केस पिकले होते तिचे.

"मी चौदा वर्षांची होते," ती म्हणाली. "हैबती."

तो तिथंच उभा होता. आमचा हैबती, माझ्या आज्याचा पणजा. चाळीस वर्षांपूर्वी ती जागा त्यानंच बांधली होती. बापाबरोबर काट्या वाहायचा तेव्हा, आणि त्या दिवशी बाप म्हणाला, आज तू रोव, शिकशील. त्यानं रोवल्या, घाम पुसला आणि घरी जाऊन जेवला. चाळीस वर्षं ठकूमावशी त्या वाटेला वळसा घालून त्याच्याच पोरांची बाळंतपणं करायला येत होती.

पाटलानं विचारलं, "सांग, का असं केलंस?"

हैबती गप्प राहिला. पाटलानं पुन्हा विचारलं. तो पुन्हा गप्प राहिला. हे मला झाकून ठेवता येत नाही, पोरांनो. दोनदा तो गप्प राहिला, जागा राहते तसा. तिसऱ्यांदा म्हणाला, "मीच केलं. आणि मला वाटलं, काट्या घातल्या म्हणजे मिटलं."

ठकूमावशीनं त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. सगळे विचारतात. मोकळ्या झालेल्या पायवाटेनं ती सरळ पाण्याला निघून गेली.

त्या दिवसापासून आमच्या घरात कोयत्याला कुणी हात लावत नाही. त्याऐवजी ही गोष्ट सांगायचं काम आमच्याकडे आलं आहे, हैबतीच्या नावासकट. मान नाही त्यात काही. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या मरेपर्यंत वळसा घालूनच जात राहिल्या. पायांना सवय झाली होती. त्यांना बघून प्रत्येक पिढीत आमची मान खाली गेली, आणि जावी.

तात्पर्य एवढंच: हात ज्यानं उगारला, जाब त्यालाच विचारावा, तो दुसऱ्या कुणाला विचारला की तोच हात पुन्हा उठतो.